सिस्टरच्या घरातलं घड्याळ

मुलांनो, तुमच्यापैकी कुणी कधी इस्पितळात मुक्काम केलाय का? केला असेल, तर एक गोष्ट नक्की पाहिली असेल. सकाळी सातच्या सुमारास दोन सिस्टर तुमच्या खाटेपाशी येऊन उभ्या राहतात. एक रात्रभर जागलेली, दुसरी नुकतीच घरून आलेली. पहिली सांगते, "बारा नंबर. रात्री ताप १०२ होता, पहाटे उतरला. सलाईन आठला संपेल." दुसरी ऐकते, वहीत बघते आणि पुढच्या खाटेकडे वळते. याला म्हणतात हँडओव्हर. तो दिल्याशिवाय पहिलीनं वॉर्ड सोडायचा नाही. बदलीची सिस्टर आलीच नाही, तर हिनं थांबायचं. घरी कितीही घाई असली तरी!

आता जरा त्या घरी डोकावू या. समजा, या सिस्टरच्या घरात तिची दोन मुलं आहेत आणि तिसरं मोठं माणूस नाही. मुलांचे बाबा वारले असतील किंवा आईबाबा वेगळे झाले असतील. ती निघताना मुलांचा हँडओव्हर कुणाला देणार?

इस्पितळाचा दिवस तीन पाळ्यांत कापलेला असतो. सकाळची साधारण सात ते दोन, दुपारची दोन ते नऊ आणि रात्रीची नऊ ते सात. कुठे अर्धा-एक तास इकडेतिकडे. शाळेचं घड्याळ मात्र या तिघींपैकी एकीशीही जुळत नाही. सकाळपाळी असेल तर आई सहालाच बाहेर पडते, डबा ओट्यावर आणि दप्तर दाराशी ठेवून. दुपारपाळी असेल आणि मुलाची शाळा सकाळची असेल, तर एक वाजता दारातच भेट होते. मूल आत, आई बाहेर! ती रात्री परतते तेव्हा ते झोपलेलं असतं.

सगळ्यात अवघड रात्रपाळी. पाळणाघरं बहुतेक संध्याकाळी सात-आठला बंद होतात, आणि सिस्टरची रात्र तर नऊला सुरू होते. मग गावाहून आजी येते, नाहीतर शेजारच्या काकू म्हणतात, "झोपू दे गं माझ्याकडे, माझ्या पोरांत एक जास्त." अशा काकूंच्या आधारावर आपली किती इस्पितळं रात्रभर चालतात, याची नोंद कुठल्याच वहीत होत नाही.

रायगडच्या हिरकणीची गोष्ट तुम्हांला ठाऊक आहेच. दिवस मावळला, गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती कडा उतरून गेली असं सांगतात. आपल्या एसटी स्थानकांवर बाळाला पाजण्यासाठी जी खोली असते, तिला म्हणूनच हिरकणी कक्ष म्हणतात. पण मला वाटतं, हिरकणीला निदान कडा तरी उतरता आला. सिस्टरला तोही उतरता येत नाही, कारण तिच्या पाठीमागे तीस-चाळीस खाटा असतात.

रात्रपाळी करून आलेली आई दिवसा झोपली, की मुलांना वाटतं, आई किती झोपते! खरं म्हणजे ती कमीच झोपते. आपल्या मेंदूत एक घड्याळ असतं आणि ते उजेडावर चालतं. दिवस उजाडला की शरीर जागं राहायला बघतं. अंगाची ऊब वाढते, झोप मोडते. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं, हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. म्हणून पडदे ओढणं, टीव्हीचा आवाज बारीक ठेवणं, दारावरची बेल वाजायच्या आत दुधवाल्याला गाठणं, ही साधी कामं नाहीत बरं का. त्याच हातांनी संध्याकाळी कुणाला तरी इंजेक्शन द्यायचं असतं.

इथे थोडं मोठ्यांशीही बोलायला हवं. अशा घरात थोरल्या मुलीला सगळे सहज म्हणतात, "ताई आहे ना!" अहो, ताई दहा वर्षांची आहे. तिनं धाकट्याला दूध द्यावं, केस विंचरून द्यावेत, इथवर ठीक. पण रात्रीच्या तापाची जबाबदारी तिच्यावर टाकून निर्धास्त होता येणार नाही. आणि थोरला मुलगा असेल, तर त्याला मात्र क्रिकेटची सुट्टी, हाही हिशेब चालायचा नाही.

हा प्रश्न काही नवा नाही. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन उभं केलं. पुढे तिथल्या बायका ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यांत विधवा होत्या. त्या काळी विधवेनं घराबाहेर पडणं हेच मोठं, मग परक्या रुग्णाला हात लावणं आणि रात्री जागणं तर विचारूच नका! लोक नावं ठेवत. सेवासदननं नुसतं शिक्षण दिलं नाही, तर वसतिगृहंही काढली. स्वतःच्या पायावर उभं राहायचं तर आधी डोक्यावर छप्पर लागतं, हे त्या मंडळींना बरोबर कळलं होतं.

नंतर कायदेही आले. केंद्र सरकारच्या नोकरीतल्या आईला २००८ पासून साऱ्या नोकरीत मिळून ७३० दिवस बालसंगोपन रजा मिळू लागली. २०१८ मध्ये ती एकट्या बाबांनाही लागू झाली (वॉर्डात पुरुष परिचारकाला 'ब्रदर' म्हणतात, त्यांच्यातही असे बाबा असतात). त्याच साली महाराष्ट्र सरकारनंही आपल्या नोकरीतल्या आयांना १८० दिवस दिले. २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असं ठरलं. आईनं दिवसातून चार वेळा बाळाला भेटून यावं, हेही त्यात आलं. छान आहे. पण रजा मागायची ती मंजूर करणाऱ्याकडे, आणि वॉर्डात माणसं कमी असली की तोच म्हणतो, "सिस्टर, पुढच्या महिन्यात बघू."

२०२० च्या कोरोनात बेळगावच्या एका सिस्टरची चित्रफीत सगळीकडे फिरली होती. तिला बरेच दिवस घरी जाता येत नव्हतं, आणि तिची चिमुरडी लांबूनच तिच्याकडे बघून रडत होती. बघणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या मुलीला गाडीवर बसवून तिथवर आणणारा बाबा तरी होता. ज्या घरात तो नव्हता, तिथल्या मुलांना लांबून दाखवायला कोण घेऊन जाणार?

रोजचे दिवस मात्र फार लहान लहान गोष्टींवर चालतात. पाळ्यांचा तक्ता हाती आला की भिंतीवरच्या कालनिर्णयात मुलं स्वतःच पेन्सिलीनं खुणा करतात: स, दु, रा. मग शोधाशोध सुरू होते. पालकसभा कुठल्या खुणेवर आली? सहामाहीचा गणिताचा पेपर? 'रा'वर आला असेल, तर आई वॉर्डातल्या मैत्रिणीला विचारते, "एक रात्र बदलून देशील का?" मैत्रीण बहुधा हो म्हणते. त्या बदल्यात पाडव्याची रात्र हिनं करायची, हे तिथल्या तिथे ठरतं. मुलं रबर आणतात आणि दोन्ही खुणा बदलतात.