बेडक्यातला जंतू नेमका कोणता?

वस्तीत कुणाला महिनाभर खोकला येत असला, की कधीतरी थुंकी तपासणीचा रिपोर्ट आमच्यापुढे येतो. त्यावर लिहिलेले असते, ‘एएफबी पॉझिटिव्ह’. घरचे धास्तावून म्हणतात, “क्षय ठरला!” बहुतेक वेळा ते खरेही असते. पण एएफबी म्हणजे आम्लानेही रंग न सोडणारा जंतू. तो क्षयाचाच असेल असे नाही. पुढे निदान सहा महिने कोणती औषधे घ्यायची हे जंतूच्या नावावर ठरते, म्हणून हा फरक आपण समजून घेऊ.

रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये जाहीर केला. त्यानंतर लवकरच झील-नीलसन ही रंग देण्याची पद्धत आली. बेडका काचेवर पसरून त्यावर लाल रंग तापवून चढवतात, मग आम्लाने धुतात. बाकीच्या जंतूंचा रंग निघून जातो. क्षयाच्या जंतूचे आवरण मेणचट असल्याने त्याचा रंग टिकतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या दिसतात. ही तपासणी स्वस्त आणि झटपट होते. पण एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू नसतील तर ती चुकते. शिवाय माती-पाण्यात राहणारे त्याच कुळातले इतर जंतूही तसेच लाल दिसतात. फुप्फुसे आधीच कमजोर असलेल्यांना ते आजारी पाडू शकतात आणि त्यांची औषधे वेगळी असतात.

म्हणून आता जंतूचा जनुक तपासतात. सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत क्षयाचा जंतू आहे का आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध त्याच्यावर चालेल का, हे सांगते. गोव्यातील कंपनीचे ट्रूनॅट यंत्र छोट्या केंद्रातही चालते. मात्र ही यंत्रे मेलेल्या जंतूचाही जनुक पकडतात. त्यामुळे पूर्वी क्षय होऊन गेला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

तिसरी तपासणी कल्चर. यात जंतू वाढवून पाहतात. अंड्यापासून केलेल्या घट्ट खाद्यावर सहा ते आठ आठवडे लागतात, द्रवरूप खाद्यात त्याहून लवकर होते. वाढलेल्या जंतूची पट्टीवर चाचणी केली की तो क्षयाचा आहे का, हे पंधरा मिनिटांत कळते. नसेल तर जनुकाच्या आणखी तपासण्या करून त्याची जात ठरवतात.

सूक्ष्मदर्शकात लाल काड्या दिसल्या आणि सीबीनॅटमध्ये क्षय आला नाही, तर रिपोर्ट बाजूला टाकू नका. डॉक्टरांना विचारा, “नमुना पुन्हा तपासायचा का? कल्चरला पाठवायचा का?” औषधे चालू असूनही खोकला, ताप हटत नसेल तरी हाच प्रश्न विचारा. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका.

नमुना चांगला असेल तरच तपासणी बरोबर येते. सकाळी साध्या पाण्याने चूळ भरा, मोकळ्या हवेत जा, खोल श्वास घेऊन छातीतून खोका. डबीत लाळ नको, बेडका हवा. सरकारी केंद्रात क्षयाची तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर लाजू नका, लपवू नका. डबी घेऊन जा आणि रिपोर्ट मिळाला की जंतूचे नाव विचारा.