मामंजी निवृत्त झाले, सासूबाईंचे काय?

मैत्रिणींनो, घरातला कर्ता माणूस निवृत्त होतो तो दिवस मोठा थाटाचा असतो. कचेरीत हारतुरे होतात, शाल-श्रीफळ मिळतं, चार गोड भाषणं होतात. खरी परीक्षा सुरू होते ती दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तीही आपल्या स्वयंपाकघरात!

सात वर्षांपूर्वी माझे सासरे अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी नोकरीतून निवृत्त झाले. पहिला आठवडा कौतुकात गेला. दुसऱ्या आठवड्यात मामंजी ओट्यापाशी येऊन उभे राहू लागले. "परवाच दोन किलो कांदे आणले होते, इतक्यात संपले?" "गॅस एवढा मोठा कशाला?" दर दोन तासांनी चहा. उरलेला वेळ टीव्हीसमोर. सहा महिन्यांत वजन वाढलं, रक्तदाब वाढला आणि चिडचिडही वाढली. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "यांना घराबाहेर काढा."

आमचं घर भोरच्या भाटघरकडच्या टोकाला. १९२८ साली पुरं झालेलं हे धरण, वेळवंडी नदीवरचं. पावसाळ्यात त्याचे स्वयंचलित दरवाजे उघडले की लांबून माणसं बघायला येतात. आम्ही मात्र "त्यात काय बघायचं?" म्हणणारे! मामंजींचा सारा जन्म इथे गेला, पण पाण्याकडे निवांत बघायला त्यांना सवड मिळाली नव्हती. मी त्यांना रोज सकाळी त्या रस्त्याला पाठवायला सुरुवात केली. पहिले पंधरा दिवस कुरकुर झाली. मग एके दिवशी घरी आल्या आल्या त्यांनी विचारलं, "शेपटी सारखी खालीवर हलवणारा तो लहानसा पक्षी कोणता गं?"

तो धोबी पक्षी होता. शाळेच्या ग्रंथालयातून मी त्यांना पक्ष्यांचं पुस्तक आणून दिलं. मग एक वही आली. तारीख, वेळ, पक्षी. पंख वाळवत बसलेला पाणकावळा, खंड्या, बगळे, आरडाओरडा करणारी टिटवी. कचेरीत तीस वर्षं नोंदी ठेवलेला हात तो, नोंदी कशा अगदी नेटक्या! मी त्यांना सांगितलं, सलीम अलींच्या भारतीय पक्ष्यांवरच्या दहा खंडांच्या ग्रंथाचं काम १९७४ साली पुरं झालं, तेव्हा त्यांचं वय सत्याहत्तरच्या पुढे होतं. मामंजी हसले, "म्हणजे मी अजून उमेदवारच की!" वर्षभरात रक्तदाब आटोक्यात आला आणि कांद्यांचा हिशोब थांबला.

इथेच हा लेख संपवावा आणि तुम्ही मला शहाणी सून म्हणावं, असं मला फार वाटलं असतं. पण गोष्ट इथे संपत नाही.

एका सकाळी मामंजी आठ वाजता परतले. वही उघडून उत्साहाने सांगू लागले. सासूबाई त्यांच्यापुढे पोहे ठेवत होत्या. गुडघा दुखतो म्हणून एका हाताने ओटा धरलेला. ते अंघोळीला गेल्यावर त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "यांना सरकारने अठ्ठावन्नाव्या वर्षी सोडलं. मला कोण सोडणार?"

मी चपापले. मामंजी हिंडावेत म्हणून सगळ्या घराने धडपड केली. त्यांचे बूट, त्यांची वही, वेळेवर चहा, आल्यावर गरम पोहे. हा छंद उभा होता तो सासूबाईंच्या दुखऱ्या गुडघ्यावर. चाळीस वर्षं त्या उंबऱ्याच्या आत चालत होत्या, म्हणून आम्ही समजत होतो की त्यांचा व्यायाम होतोच आहे!

मी म्हटलं, "आई, उद्यापासून तुम्हीही जा." त्या म्हणाल्या, "आणि लोक काय म्हणतील? सून शाळेत जायच्या आधी राबतेय आणि सासू हवा खायला चाललीय!" लोकांची गोष्ट सोडा, पण त्यांच्या बोलण्यातली अर्धी गोष्ट खरी होती. त्या तासभर बाहेर गेल्या तर ते काम माझ्या अंगावर पडणार होतं. माझी शाळा अर्ध्या दिवसाची, तरी सकाळचे दोन डबे आणि पाणी भरणं असतंच. एकीची सुटका म्हणजे दुसरीची वेठ, असं होऊन कसं चालेल?

शेवटी रात्री जेवताना मी विषय काढला. भांडले नाही, फक्त सकाळी सहा ते नऊ या वेळातली कामं एका कागदावर लिहून सगळ्यांसमोर ठेवली. कामं भरली सतरा. त्यातली पंधरा आम्हा दोघींची. माझे यजमान बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. पाणी भरणं आणि मुलांचे डबे त्यांनी उचलले. मामंजींनी सकाळचा चहा स्वतःकडे घेतला. पहिल्या दिवशी दूध ऊतू गेलं, ते पुसायलाही त्यांनाच लावलं, बरं का! पोहे आता रोज होत नाहीत. त्यावाचून कुणाचं काही अडलेलं नाही.

सासूबाई प्रथम मामंजींच्या बरोबर गेल्या. चार दिवसांत कंटाळल्या. "हे एका झाडाखाली अर्धा तास उभे राहतात, माझे पाय भरून येतात." मग लक्षात आलं, नवऱ्याचा छंद तोच बायकोचा असलाच पाहिजे असं थोडंच आहे? त्यांची नजर आभाळात नव्हती, बांधावर होती. पाऊस पडल्यावर टाकळा कुठे उगवतो, कुरडूची पानं कोवळी कधी असतात, भारंगीचा कडवटपणा कसा घालवायचा, हे सारं माहेरपणापासून त्यांच्या डोक्यात. आता शेजारच्या दोघीजणी त्यांच्या बरोबर असतात. ओळखीचीच भाजी खुडायची, शंका आली की सोडून द्यायची, हा त्यांचा दंडक. संध्याकाळी मी त्यांना दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' थोडं थोडं वाचून दाखवते. महिन्यामहिन्याची झाडं-फुलं ऐकताना त्या मध्येच थांबवतात, "आमच्याकडे हे आठ दिवस आधी फुलतं हो!"

आता चार व्यवहाराच्या गोष्टी सांगते.

आधी डॉक्टरांचा सल्ला घ्या, विशेषतः हृदयविकार, मधुमेह किंवा गुडघ्याचं दुखणं असेल तर. पासष्टीच्या पुढच्यांनीही आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा अर्धा तास झपझप चालणं. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवावा. तोल सांभाळण्याचे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस हवेत, कारण या वयात पडण्याची भीती मोठी. सुरुवात दहा मिनिटांनी केली तरी पुरे. सपाता घालून जाऊ नका. मागून बंद असलेली, न घसरणारी पादत्राणं घ्या. मधुमेह असेल तर खिशात साखर किंवा गोळ्या ठेवाव्यात.

धरणाकाठी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पाणी लांबूनच बघायचं. काठाला उथळ वाटणारं पाणी दोन पावलांवर खोल असतं. मे २०२२ मध्ये याच भाटघरच्या पाण्यात पाच तरुणी बुडाल्या. ती आठवण आमच्या भागात अजून ओली आहे.

महिन्यातून एखादी लहान सहल ठरवा. मार्च २०२३ पासून एस.टी.त सर्व स्त्रियांना अर्धं तिकीट आहे, पासष्ट ते पंचाहत्तरच्या ज्येष्ठांनाही अर्धं, आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. आम्ही नसरापूरजवळच्या बनेश्वराला जातो. नानासाहेब पेशव्यांच्या काळातलं देऊळ, भोवती गर्द झाडी, चालायला सोपं. उन्हाळ्यात धरणाचं पाणी ओसरलं की कांबऱ्याचं बुडालेलं कांबरेश्वराचं देऊळ उघडं पडतं, तेही एकदा पाहून आलो. गड चढायची हौस असेल तर ती साठीआधी सुरू करावी. साठीनंतर पहिला गड म्हणून राजगड निवडू नये!

आणि मुख्य गोष्ट. छंद निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी दुकानात विकत मिळत नाही. पन्नाशीतच त्याचं बी पेरावं लागतं. पुरुषांना निदान तारीख ठाऊक असते, तयारी करता येते. आपल्याला ती तारीख कुणी देत नाही. ती आपली आपणच ठरवायची.

मी अडतीस वर्षांची आहे. गेल्या महिन्यापासून रविवारी सकाळी मीही सासूबाईंच्या बरोबर जाते. परवा परत आलो तेव्हा ओटा पसरलेला होता, चहा थोडा कडू झाला होता. सासूबाईंनी एक घोट घेतला, माझ्याकडे बघून डोळे मिचकावले आणि मामंजींना म्हणाल्या, "छान झालाय हो. उद्याही तुम्हीच करा."