नाव गायकाचे, गाणे लोकांचे

लोकगायकाची कीर्ती शास्त्रीय गायकाच्या किंवा चित्रपटातील पार्श्वगायकाच्या कीर्तीहून वेगळ्या घडणीची असते, कारण ज्या लोकांपुढे तो गातो त्याच लोकांच्या बोलीतून, चालींतून आणि रोजच्या कष्टांतून त्याचे गाणे उगवलेले असते. ओवी जात्यावरून येते, लावणी फडातून येते, पोवाडा चावडीवर आणि चौकात ऐकला जातो. त्यामुळे अशा गायकाचे नाव गाजू लागले की जे मुळात सर्वांचे होते त्याचे श्रेय एकट्याच्या नावावर किती घ्यावे, हा प्रश्न त्याच्यापुढे अटळपणे उभा राहतो. या प्रश्नाचे उत्तर गायकाच्या स्वभावात शोधण्याची सवय सर्वत्र आढळते; अमुक गायक मोठा झाला तरी साधा राहिला, असे कौतुकाने सांगितले जाते. मात्र मराठी लोकपरंपरा बारकाईने पाहिली तर असे दिसते की तिने नम्रता केवळ व्यक्तीच्या स्वभावावर सोपवलेली नाही, गाण्याच्या मांडणीतच तिची सोय करून ठेवली आहे.

हा विचार करण्यासाठी सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील टेंभुर्णीसारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल. पुणे–सोलापूर महामार्गावरील, उजनी धरणाच्या परिसरातील हे गाव मुख्यतः उसासाठी, बाजारासाठी आणि रस्त्यांच्या तिठ्यांसाठी ओळखले जाते. पण येथून फुटणारा जवळजवळ प्रत्येक रस्ता एखाद्या लोकगायकाच्या चरित्राला जाऊन मिळतो. कुर्डुवाडीवरून जाणारा रस्ता शाहीर अमर शेख यांच्या बार्शीला पोहोचतो, तर दुसरा रस्ता तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांचे जन्मगाव असलेल्या पंढरपूरला जातो. सोलापूरच्या बाजूला संत सावता माळी यांचे अरण आणि संगीत बारीच्या, म्हणजे मुख्यतः लावणीच्या गायन-नृत्याच्या, कला केंद्रांसाठी परिचित असलेले मोडनिंब आहे, तर दुसऱ्या बाजूला लावणी स्पर्धांमुळे नावारूपाला आलेले अकलूज आहे.

या परंपरेचा सर्वांत जुना धागा अरणला सापडतो. सावता माळी हे तेराव्या शतकातील, ज्ञानदेव आणि नामदेव यांच्या काळातील संत. त्यांचे समाधिवर्ष १२९५ मानले जाते. माळीकाम करता करता त्यांनी अभंग रचले, ते काशिबा गुरव यांनी लिहून ठेवले अशी परंपरा आहे आणि त्यांतील जेमतेम ३७ अभंग आज उपलब्ध मानले जातात. मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणाऱ्या या संताने पंढरीच्या वारीसाठी आपले काम सोडले नाही, असे वारकरी सांगतात, आणि म्हणूनच आषाढ वद्य चतुर्दशीच्या सुमारास, त्यांच्या पुण्यतिथीला, पंढरपूरहून विठ्ठलाची पालखीच अरणला येते. लाखो माणसे ज्या देवाकडे चालत जातात तो देव एका कष्टकऱ्याच्या गावी भेटीला येतो, या प्रथेत कीर्तीविषयीचा एक पूर्ण विचार सामावलेला आहे: नाव मोठे व्हावे म्हणून काम सोडून धावावे लागत नाही, आणि काम मनापासून झाले तर मान शोधत येतो.

अभंगाच्या अखेरच्या चरणात कवीचे नाव येते, त्याला नाममुद्रा म्हणतात. वरवर पाहता ही स्वतःची ओळख ठसवण्याची युक्ती वाटते, पण वारकरी परंपरेत ती बहुधा शरणागतीच्या किंवा आत्मपरीक्षणाच्या ओळीत येते. कवी स्वतःचे नाव घेतो ते देवापुढे हजेरी देण्यासाठी. पुढे शाहिरांनीही कवनाच्या शेवटी आपले, गुरूचे, गावाचे किंवा फडाचे नाव गुंफण्याची रीत स्वीकारली आणि त्यामुळे एका माणसाच्या नावाबरोबर त्याला घडवणाऱ्यांची नावेही गात राहिली.

तमाशा आणि शाहिरी या प्रकारांत ही व्यवस्था आणखी ठळक आहे. शाहीर डफावर थाप देऊन एक चरण म्हणतो आणि मागे उभे असलेले झीलकरी, म्हणजे ध्रुपद उचलून धरणारे साथीदार, तोच सूर पुढे नेतात. तुणतुणे आणि झांज लय सांभाळतात. मुख्य गायकाला दम घेण्याची जागा झीलकरी देतात आणि रात्रभर चालणारे गाणे त्यांच्याच बळावर उभे राहते. तमाशाचा आरंभ गणाने, म्हणजे गणेशाच्या स्तवनाने होतो. मग कृष्ण आणि गवळणींच्या प्रसंगावरची गौळण, विनोदी संवादांची बतावणी, लावण्या आणि शेवटी कथानक असलेला वग, असा क्रम असतो. सभेपुढे मान झुकवून केलेला मुजरा हाही या रचनेचाच भाग आहे. प्रेक्षकांना मायबाप म्हणण्याची रीतही याच रचनेत बसते. बिदागी, टाळी आणि नापसंती ही तिन्ही त्याच माणसांकडून, समोरासमोर मिळत असल्यामुळे त्या शब्दाला खरा अर्थ होता. ज्या कलेत पहिला मान देवाचा, मधला भार साथीदारांचा आणि शेवटचा निवाडा प्रेक्षकांचा असतो, त्या कलेत एकट्याच्या अहंकाराला फारशी जागा उरत नाही.

या मांडणीचा आधुनिक काळातील उत्तम आविष्कार म्हणजे शाहीर अमर शेख. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ रोजी बार्शी येथे एका गरीब मुस्लिम कुटुंबात झाला. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा ठेवा मिळाला. मोटारगाडीवर क्लीनर म्हणून आणि गिरणीत कामगार म्हणून त्यांनी पोट भरले, गिरणीच्या संपात पुढाकार घेतल्याबद्दल त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले आणि तेथे साम्यवादी विचारांशी त्यांची ओळख झाली. पुढे कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या स्टुडिओत काम करत असताना अमर शेख हे नाव त्यांना मिळाले. ज्या नावाने महाराष्ट्र त्यांना ओळखतो ते नाव त्यांना कामाच्या ठिकाणी लाभले, ही गोष्ट त्यांच्या कीर्तीचे स्वरूप समजून घेताना महत्त्वाची ठरते.

१९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. कलापथक म्हणजे एखाद्या चळवळीचा विचार गाणी, पोवाडे आणि छोट्या नाट्यांतून गावोगाव पोहोचवणारा कलावंतांचा संच. त्यात लिहिणारा, गाणारा, वाजवणारा आणि सोंग घेणारा हे सारे एकाच पंक्तीला बसतात. मुंबईच्या कामगार वस्त्यांतून, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांतून आणि गोवामुक्तीच्या आंदोलनात अमर शेख यांचा पहाडी आवाज घुमला, आणि १९६२ च्या चिनी आक्रमणाच्या वेळीही तो लोकांना जागवत राहिला. मुंबईत राबणारा कामगार आणि गावी राहिलेली त्याची कारभारीण यांच्या ताटातुटीवर अण्णा भाऊंनी रचलेली ‘माझी मैना’ ही छक्कड, म्हणजे लावणीच्याच कुळातील एक गीतप्रकार, त्यांच्या गळ्यातून महाराष्ट्रभर पोहोचली. अमर शेख स्वतः कवी होते. ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह प्रसिद्ध आहेत. तरीही मित्राने लिहिलेल्या गाण्यासाठी त्यांनी आपला सारा प्राण ओतला, आणि त्या गाण्यात लेखक कोठे संपतो आणि गायक कोठे सुरू होतो हे ऐकणाऱ्याला कधी वेगळे करता आले नाही.

आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन क्रांतीचा कवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती आणि ‘महात्मा फुले’, ‘प्रपंच’ या चित्रपटांत अमर शेख यांनी भूमिकाही केल्या. म्हणजे रुपेरी प्रसिद्धीचे दार त्यांच्यासाठी बंद नव्हते. त्यांनी आयुष्य घालवले ते मात्र सभांच्या मैदानांत, डफ हाती घेऊन. १८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ साठे यांचे निधन झाले आणि त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट १९६९ रोजी, इंदापूरजवळ झालेल्या मोटार अपघातात अमर शेख गेले. आज मुंबई विद्यापीठात त्यांच्या नावाचे अध्यासन आहे, परंतु त्यांचे खरे स्मारक म्हणजे चळवळीतील तरुण गायकांनी पिढ्यान्‌पिढ्या उचललेली त्यांची गायनशैली होय.

अमर शेख यांची नम्रता चळवळीच्या सामुदायिक जीवनातून आली, तर विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांची नम्रता फडाच्या कठोर शिस्तीतून आली. १९३५ मध्ये पंढरपूर येथे जन्मलेल्या विठाबाई तमाशाच्या घराण्यातच वाढल्या. वडील भाऊ आणि चुलते बापू खुडे यांचा फड महाराष्ट्रात नावाजलेला होता. तमाशाचे दोन मुख्य प्रकार मानले जातात: वग सादर करणारा, गावोगाव तंबू आणि कनाती घेऊन फिरणारा ढोलकी फड, आणि मोडनिंबसारख्या ठिकाणच्या कला केंद्रांत मुख्यतः लावणीचे गायन व नृत्य सादर करणारी संगीत बारी. विठाबाई ढोलकी फडाच्या कलावंत होत्या. दसऱ्यापासून सुरू होणारा हंगाम, चैत्र-वैशाखातील गावजत्रांच्या सुपाऱ्या, मालकाकडून घेतलेली उचल, म्हणजे हंगामापूर्वीची आगाऊ रक्कम, आणि रोज नव्या गावी उभारायचा मुक्काम, अशा चक्रात या कलावंतांचे आयुष्य जाते. गरोदरपणाचे दिवस भरत आलेले असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, प्रयोग चालू असतानाच कनातीमागे बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडून पुन्हा रंगमंचावर आल्या आणि हे कळताच प्रेक्षकांनीच खेळ थांबवला, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वत्र सांगितली जाते. ती केवळ धैर्याची कथा म्हणून ऐकणे पुरेसे नाही. पोटासाठी गाणाऱ्या बाईला विश्रांती मागण्याचाही अवकाश नव्हता, हे तीतले दुःख ऐकणाऱ्याने ओळखले पाहिजे.

१९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला. एवढा सन्मान मिळूनही त्यांचा अखेरचा काळ आर्थिक ओढग्रस्तीत गेला आणि १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. २००६ पासून महाराष्ट्र शासन त्यांच्या नावाने तमाशा क्षेत्रातील ज्येष्ठ कलावंतांना जीवनगौरव पुरस्कार देते, ही समाधानाची बाब आहे. परंतु त्यांच्या चरित्रातून निघणारा प्रश्न पुरस्काराने मिटत नाही. कलावंताने साधे राहावे, अशी अपेक्षा करणारा समाज अनेकदा त्याच्या साधेपणाआड त्याचे दारिद्र्य झाकून टाकतो. नम्रता हा गायकाचा गुण आहे. त्याला योग्य बिदागी, आजारपणात आधार आणि म्हातारपणी निवृत्तिवेतन देणे हे समाजाचे कर्तव्य आहे, आणि पहिल्याचे कौतुक करून दुसऱ्यातून सुटका होत नाही. तमाशातील बहुतेक कलावंत ज्या जातींतून आले त्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले होते, हे ध्यानात घेतले तर वाकण्याची अपेक्षा नेमकी कोणाकडून केली गेली, हेही तपासून पाहणे आवश्यक ठरते.

हाच प्रश्न जगातील इतर लोकसंगीतांपुढेही आला आहे. अमेरिकेतील कंट्री संगीत हे दक्षिणेकडील ग्रामीण, कष्टकरी वस्त्यांतून आलेले संगीत. नॅशव्हिल शहरातून १९२५ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ या रेडिओ कार्यक्रमाने त्याला देशभर पोहोचवले. या कार्यक्रमाचे सदस्यत्व निमंत्रणानेच मिळते आणि सदस्याने कितीही मोठे झाल्यावर पुन्हा त्या मंचावर येऊन गावे, अशी अपेक्षा असते. १९७४ मध्ये हा कार्यक्रम रायमन सभागृहातून नव्या वास्तूत गेला तेव्हा जुन्या मंचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून नव्या मंचावर बसवण्यात आला, जेणेकरून नवा गायक पूर्वसूरी जेथे उभे राहिले त्याच लाकडावर उभा राहील. गायकाला त्याच्या आधीच्यांची आठवण राहावी म्हणून तेथेही व्यवस्थाच उभारावी लागली. केवळ त्याच्या सद्‌भावनेवर विसंबून राहणे पुरेसे वाटले नाही.

महाराष्ट्रात आज ही व्यवस्था दोन बाजूंनी क्षीण होत आहे. ध्वनिमुद्रण, कॅसेट आणि आता मोबाइल यांमुळे गावाकडचा आवाज एका रात्रीत राज्यभर पोहोचतो आणि याचा लाभ अनेक गरीब घरांतील गायकांना झाला आहे, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्याच वेळी आधीच मुद्रित केलेल्या वाद्यसंगीतावर एकट्याने गाण्याची पद्धत रूढ होत असल्याने झीलकरी, ढोलकीवाला आणि तुणतुणेवाला यांची गरज कमी होते. समोरचा प्रेक्षक दिसेनासा होतो आणि गाणाऱ्याचे यश आकड्यांनी मोजले जाऊ लागते. गाणे लिहिणाऱ्याचे नाव तर बहुतेक वेळा कोठेच येत नाही. साथीदार, श्रोता आणि पूर्वसूरी हे तीन आधार मंचावरून निघून गेले की गायकाला नम्र राहण्यासाठी केवळ स्वतःच्या मनोबळावर अवलंबून राहावे लागते, आणि ते बळ सर्वांपाशी सारखे नसते.

यावर उपाय दूरचे नाहीत. गावजत्रेच्या पंचांनी सुपारी देताना पूर्ण संचासह, जिवंत साथीने कार्यक्रम मागावा. निवेदकाने गायकाबरोबर कवीचे आणि वादकांचे नाव घ्यावे. शाळेच्या स्नेहसंमेलनात पोवाडा बसवताना तो कोणत्या शाहिराचा, हे मुलांना सांगावे. आणि बिदागीचा वाटा झीलकऱ्यापर्यंत पोहोचतो की नाही, याकडे आयोजकांनी लक्ष द्यावे. अरण, बार्शी आणि पंढरपूर यांच्याशी रस्त्यांनी जोडलेल्या टेंभुर्णी परिसराला हे सांगण्याचा आणि करून दाखवण्याचा विशेष अधिकार आहे. लोकगायकाला नम्रतेचा उपदेश करण्यापेक्षा त्याच्यामागे उभे राहणाऱ्यांची जागा आणि मोबदला शाबूत ठेवणे, हाच त्याचे पाय जमिनीवर ठेवण्याचा खात्रीचा मार्ग आहे.