मुंबई सिटी फुटबॉल क्लबचा २०२०–२१ चा हंगाम

इंडियन सुपर लीग या अखिल भारतीय साखळी स्पर्धेत मुंबईच्या व्यावसायिक फुटबॉल संघाने विजेतेपद मिळविलेला पहिला हंगाम. २० नोव्हेंबर २०२० ते १३ मार्च २०२१ या काळात ही स्पर्धा कोविड-१९ च्या साथीमुळे संपूर्णपणे गोव्यात व प्रेक्षकांविना खेळविण्यात आली. या हंगामात मुंबई सिटीने साखळीतील अग्रस्थान आणि अंतिम सामना अशी दोन्ही विजेतेपदे मिळविली. एकाच हंगामात असा दुहेरी मान मिळविणारा तो या स्पर्धेतील पहिलाच क्लब होय.

स्पर्धेची रचना : इंग्लंडमधील प्रीमिअर लीगमध्ये २० क्लब असतात. प्रत्येक क्लब इतर प्रत्येकाशी एकदा स्वतःच्या व एकदा प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर असे एकूण ३८ सामने खेळतो. सर्वाधिक गुण मिळविणारा संघ विजेता ठरतो, तेथे वेगळा अंतिम सामना नसतो, आणि तळाचे तीन संघ खालच्या श्रेणीत जातात. इंडियन सुपर लीगची रचना याहून भिन्न आहे. २०२०–२१ मध्ये तीत ११ क्लब होते व प्रत्येकाच्या वाट्याला २० साखळी सामने आले. विजयाला ३ व बरोबरीला १ गुण होता. साखळीतील पहिले चार संघ उपांत्य फेरीत जात आणि त्यानंतर अंतिम सामन्यातून करंडकाचा मानकरी ठरे. खालच्या श्रेणीत घसरण्याची तरतूद त्या हंगामात नव्हती.

या रचनेत पूर्वी एक उणीव होती. महिनोन्‌महिने सातत्याने खेळून गुणतक्त्यात पहिला आलेला संघ बाद फेरीतील एका पराभवाने रिकाम्या हाताने परते. खुद्द मुंबई सिटीने २०१६ मध्ये साखळीत पहिला क्रमांक मिळविला होता. तथापि उपांत्य फेरीत कोलकात्याच्या संघाकडून हरल्यामुळे त्या यशाची कोणतीही खूण क्लबकडे उरली नाही. २०१९–२० पासून साखळीतील अग्रस्थानासाठी ‘लीग विनर्स शील्ड’ ही स्वतंत्र ढाल देण्यास प्रारंभ झाला आणि तिच्या विजेत्यास आशियाई चँपियन्स लीग या खंडातील प्रमुख स्पर्धेत थेट प्रवेश मिळू लागला. त्यामुळे सातत्याची कसोटी पाहणारी ढाल आणि एका दिवसाच्या खेळावर ठरणारा करंडक अशी दोन निरनिराळी विजेतेपदे निर्माण झाली. ढालीचे पहिले मानकरी एफ्. सी. गोवा हे होत.

पार्श्वभूमी : मुंबईला फुटबॉलची जुनी परंपरा आहे. १८९१ मध्ये सुरू झालेली रोव्हर्स चषक स्पर्धा व कूपरेज मैदान यांचे भारतीय फुटबॉलच्या इतिहासात महत्त्वाचे स्थान आहे. मात्र शहरातील बहुतेक बलवान संघ गिरण्या, रेल्वे, बँका व कारखाने यांचे होते. खेळाडूला नोकरीची हमी मिळे, पण संघाचे अस्तित्व संस्थेच्या मर्जीवर अवलंबून राही. राष्ट्रीय फुटबॉल लीगचे २००५–०६ चे विजेतेपद डेरिक परेरा यांच्या मार्गदर्शनाखाली जिंकणारा महिंद्रा युनायटेड हा संघ चारच वर्षांनी, २०१० मध्ये, बंद करण्यात आला. आय-लीग स्पर्धेत २०१२–१३ मध्ये उपविजेता ठरलेला पुणे एफ्. सी. हा संघही पुढे टिकला नाही.

मुंबई सिटी फुटबॉल क्लबची स्थापना २०१४ मध्ये झाली. चित्रपट अभिनेते रणबीर कपूर व सनदी लेखापाल बिमल पारेख हे त्याचे संस्थापक मालक. फ्रेडी ल्युंगबर्ग, निकोला अनेल्का, दिएगो फोर्लान यांसारखे ख्यातनाम खेळाडू आरंभीच्या वर्षांत या संघाकडून खेळले. पण करंडक हाती आला नाही. २०१९–२० मध्ये संघ पाचव्या क्रमांकावर राहिला. नोव्हेंबर २०१९ मध्ये मँचेस्टर सिटी या इंग्लिश क्लबची मालकी असलेल्या सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतील ६५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. मेलबर्न, न्यूयॉर्क इ. शहरांतील क्लब या समूहात होतेच. खेळाडूंची पारख, प्रशिक्षण व खेळाची शैली यांबाबत समान धोरण ठेवणे हे या समूहाचे वैशिष्ट्य होय.

संघबांधणी व खेळाची पद्धत : ऑक्टोबर २०२० मध्ये स्पेनचे सर्जिओ लोबेरा यांची प्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. २०१७ ते २०२० या काळात त्यांनी एफ्. सी. गोवा संघ घडविला होता. त्या संघातील मोरोक्कोचा मध्यरक्षक अहमद जाहू, सेनेगलचा उंचापुरा बचावपटू मुर्तदा फॉल, आक्रमक मध्यरक्षक ह्यूगो बुमू व गोव्याचा डावा बचावपटू मंदार राव देसाई हेही मुंबईकडे आले. म्हणजे मुंबईने प्रशिक्षकाबरोबर त्याची पद्धत आधीच अंगवळणी पडलेले खेळाडूही मिळविले. साथीमुळे पूर्वतयारीस अल्प अवधी मिळालेल्या हंगामात ही गोष्ट मोलाची ठरली. गोलरक्षक अमरिंदर सिंग हा कर्णधार होता. इंग्लंडचा ॲडम ले फॉन्ड्रे व नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओग्बेचे हे प्रमुख आघाडीपटू होते. स्पॅनिश मध्यरक्षक हर्नान सँताना, गोव्याचा रॉलिन बोर्जेस, मुंबईत जन्मलेला रेनियर फर्नांडिस व मणिपूरचा बिपिन सिंग यांनी मधली फळी व बगल सांभाळली. नियमानुसार एका वेळी मैदानावर पाचच परदेशी खेळाडू चालत. त्यामुळे उरलेल्या सहा भारतीय खेळाडूंचा दर्जा निर्णायक ठरे.

लोबेरा यांची पद्धत चेंडूवरील ताब्यावर आधारलेली होती. गोलरक्षकाने लांब लाथ मारून चेंडू पुढे भिरकावण्याऐवजी तो जवळच्या बचावपटूकडे द्यावयाचा, बचावपटूंनी आखूड पासांनी तो मध्यरक्षकाकडे आणावयाचा आणि प्रतिस्पर्धी चेंडूसाठी पुढे धावून आले, की त्यांच्या मागे पडलेल्या मोकळ्या जागेत तो सोडावयाचा, हे तिचे मुख्य सूत्र. या रचनेत जाहू हा केंद्रस्थानी होता. या पद्धतीत धोकाही तितकाच असतो. कारण स्वतःच्या गोलासमोर एक पास चुकला, तर प्रतिस्पर्ध्यास आयती संधी लाभते. संघाच्या चढउतारांमागे हे दुहेरी स्वरूप दिसून येते.

साखळी सामने : सर्व सामने फातोर्डा येथील पंडित जवाहरलाल नेहरू स्टेडियम, बांबोळी येथील जी. एम्. सी. मैदान व वास्को येथील टिळक मैदान या तीन ठिकाणी झाले. खेळाडूंना हॉटेलांत जैवसुरक्षित कवचात राहावे लागे. ‘घरचा’ व ‘बाहेरचा’ सामना हा भेद केवळ कागदावर उरला.

२१ नोव्हेंबर रोजी पहिल्याच सामन्यात जाहूला लाल पत्र दाखविण्यात आले व नॉर्थईस्ट युनायटेडने मुंबईला १–० असे हरविले. चार दिवसांनी एफ्. सी. गोवाविरुद्ध भरपाईच्या वेळेत ले फॉन्ड्रेने पेनल्टीवर केलेल्या गोलाने मुंबईला पहिला विजय मिळाला. तेथून २५ जानेवारी २०२१ पर्यंत संघ सलग १२ सामने अपराजित राहिला. त्यांत ९ विजय व ३ बरोबऱ्या होत्या. ईस्ट बंगालवर ३–०, बेंगळुरूवर ३–१ आणि मुख्य प्रतिस्पर्धी ए. टी. के. मोहन बागानवर १–० हे त्यांतील उल्लेखनीय विजय होत. पहिल्या १३ सामन्यांत मुंबईविरुद्ध अवघे ५ गोल झाले.

त्यानंतर उतरण लागली. ३० जानेवारीस नॉर्थईस्टने मुंबईला पुन्हा हरविले. एफ्. सी. गोवाबरोबरचा सामना ३–३ असा बरोबरीत सुटला, तर बेंगळुरू (२–४) व जमशेटपूर (०–२) यांच्याकडून पराभव पतकरावे लागले. पहिल्या १३ सामन्यांत ५ गोल देणाऱ्या संघाने पुढील ५ सामन्यांत १२ गोल दिले आणि संभाव्य १५ पैकी फक्त ४ गुण मिळविले. मागून खेळ उभारण्याची मुंबईची रीत प्रतिस्पर्ध्यांना आता परिचित झाली होती व ते तिच्या बचावफळीला पुढे येऊन सतावू लागले होते. याच काळात अंतोनियो हाबास यांच्या मार्गदर्शनाखालील मोहन बागानने आघाडी घेतली. २४ फेब्रुवारी रोजी मुंबईने ओडिशाचा ६–१ असा धुव्वा उडविला. या सामन्यात बिपिन सिंगने तीन गोल केले.

ढालीचा निर्णय : २८ फेब्रुवारी २०२१ रोजी बांबोळी येथे मुंबई व मोहन बागान यांच्यात साखळीतील अखेरचा सामना झाला. त्यापूर्वी बागानचे ४० व मुंबईचे ३७ गुण होते. बागानला बरोबरी पुरेशी होती. मुंबईला मात्र विजय अटळ होता. सातव्या मिनिटास जाहूच्या फ्री किकवर फॉलने डोक्याने गोल केला. ३९ व्या मिनिटास सँतानाची फ्री किक गोलाच्या आडव्या दांड्यावर आदळून परतली व ओग्बेचेने चेंडू डोक्याने जाळ्यात घातला. मुंबईने सामना २–० असा जिंकला. दोन्ही संघांचे ४० गुण झाले. तथापि परस्परांतील दोन्ही सामने मुंबईने जिंकले होते व तिचा गोलफरकही (१७) बागानपेक्षा (१३) अधिक होता. त्यामुळे ढाल मुंबईकडे आली. साखळीतील मुंबईची एकूण कामगिरी अशी : सामने २०, विजय १२, बरोबरी ४, पराभव ४; केलेले गोल ३५, झालेले गोल १८. नऊ सामन्यांत प्रतिस्पर्ध्यास एकही गोल करता आला नाही.

बाद फेरी : उपांत्य फेरीत लोबेरा यांच्या पूर्वीच्या संघाशी, एफ्. सी. गोवाशी, गाठ पडली. ५ मार्चचा पहिला सामना २–२ व ८ मार्चचा दुसरा ०–० असा सुटल्याने पेनल्टी फटक्यांचा आश्रय घ्यावा लागला. त्यांत मुंबईने ६–५ अशी बाजी मारली.

अंतिम सामना १३ मार्च रोजी फातोर्डा येथे पुन्हा मोहन बागानविरुद्ध झाला. १८ व्या मिनिटास बागानच्या रॉय कृष्णाने मुंबईच्या गोलाजवळ जाहूकडून चेंडू हिसकावला व डेव्हिड विल्यम्सने गोल केला. २९ व्या मिनिटास त्याच जाहूने टाकलेला लांब पास परतविताना बागानचा बचावपटू तिरी याच्याकडून स्वयंगोल झाला. मागून खेळ रचण्याची जोखीम व तिचे फळ ही दोन्ही अशा रीतीने अकरा मिनिटांच्या अंतराने दिसून आली. पूर्वार्धाच्या अखेरीस मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे टकरीत डोक्याला मार लागून बेशुद्ध पडला व त्यास रुग्णालयात हलवावे लागले. ९० व्या मिनिटास बागानच्या गोलरक्षकाच्या हातून निसटलेला चेंडू ओग्बेचेने बिपिन सिंगकडे दिला व त्याने विजयी गोल केला. मुंबईने सामना २–१ असा जिंकला. ले फॉन्ड्रेने संपूर्ण हंगामात ११ व ओग्बेचेने ८ गोल केले.

परिणाम व मूल्यमापन : ढालीमुळे मुंबई सिटीस २०२२ च्या आशियाई चँपियन्स लीगमध्ये प्रवेश मिळाला. तोवर लोबेरा यांची जागा इंग्लंडचे डेस बकिंगहॅम यांनी घेतली होती. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबचा २–१ असा पराभव केला. या स्पर्धेत सामना जिंकणारा मुंबई सिटी हा पहिला भारतीय क्लब ठरला. निर्णायक गोल करणारा राहुल भेके हा मुंबईचाच खेळाडू होता. पुढे क्लबने २०२२–२३ मध्ये पुन्हा ढाल व २०२३–२४ मध्ये पुन्हा करंडक जिंकला. सिटी फुटबॉल ग्रुपच्या दृष्टीनेही २०२०–२१ चा हंगाम फलदायी होता. त्याच हंगामात मँचेस्टर सिटीने इंग्लंडमध्ये व मेलबर्न सिटीने ऑस्ट्रेलियात विजेतेपद मिळविले.

या यशाला एक मर्यादा मात्र होती. मुंबईच्या नावाने खेळणाऱ्या संघाने या हंगामात मुंबईत एकही सामना खेळला नाही व अंधेरीच्या मैदानात बसणाऱ्या त्याच्या पाठीराख्यांना विजय केवळ दूरचित्रवाणीवरून पाहावा लागला. प्रीमिअर लीगमधील जुने इंग्लिश क्लब पराभवाच्या व आर्थिक अडचणीच्या काळातही टिकून राहिले, ते मुख्यतः आपापल्या नगराशी असलेल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या नात्यामुळे. महाराष्ट्रातील संघांना हे नाते जोडण्यास पुरेसा काळ क्वचितच लाभला. महिंद्रा युनायटेडचे राष्ट्रीय विजेतेपद त्या संघाला वाचवू शकले नाही. मुंबई सिटीबाबतही स्पर्धेच्या भवितव्याविषयी अनिश्चितता असताना डिसेंबर २०२५ मध्ये सिटी फुटबॉल ग्रुपने आपला हिस्सा मूळ मालकांकडे सोपवून क्लबमधून अंग काढून घेतले. चांगला प्रशिक्षक, नेमकी निवड व पुरेसे भांडवल यांच्या बळावर एका हंगामात दोन विजेतेपदे मिळविता येतात, हे २०२०–२१ ने सिद्ध केले. भांडवल निघून गेल्यावरही क्लबला उभे ठेवणारा प्रेक्षकवर्ग मात्र एका हंगामात घडत नाही. मुंबईच्या फुटबॉलपुढील हे जुनेच काम या हंगामानंतरही शिल्लक राहिले.