गुडघे बोलतात उतारावर

कळसूबाई चढताना धाप लागते, पण गुडघे बोलू लागतात ते उतरताना. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेकचे काम करतात, आणि गुडघ्याच्या सांध्यावरचा भार वाढतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ‘आई गं’ निघते ती यामुळेच.

इथे ट्रेकिंग पोलचा खरेच उपयोग होतो का? ऑस्ट्रियातील साल्झबर्गच्या संशोधकांनी २५ अंशांच्या उतारावर चालणाऱ्यांच्या गुडघ्यांवरील भार मोजला. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दोन काठ्या वापरल्यावर हा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाला. चालणारे आठच पुरुष होते, हे ध्यानात ठेवायला हवे. पुढे ब्रिटनमध्ये ३७ जणांना वेल्समधील १०८५ मीटर उंचीच्या स्नोडन शिखरावर नेले गेले. काठ्या वापरणाऱ्यांचे स्नायू नंतर कमी दुखले, पायांतली ताकदही कमी घटली.

सपाट रस्त्यावर मात्र हिशेब उलटतो. हात आणि खांदेही कामाला लागल्याने ऊर्जा जास्त खर्च होते. वजन कमी करायचे असेल तर हा फायदाच, पण काठीमुळे दम कमी लागेल या आशेने बागेत फेऱ्या मारणाऱ्यांची निराशा होईल.

‘काठी म्हणजे म्हातारपण’ असे मानणारे तरुण मी गडांवर नेहमी पाहतो. आपल्या डोंगरातला गुराखी काठीशिवाय बाहेर पडत नाही, आणि त्याला कुणी म्हातारा म्हणत नाही! सह्याद्रीच्या घसाऱ्यावर पाय सरकतो तेव्हा जमिनीला टेकलेला तिसरा-चौथा बिंदू तोल सावरतो. पण काठी चुकीची धरली तर ती निव्वळ ओझे. सपाटीवर कोपर साधारण काटकोनात राहील इतकी उंची ठेवा, चढावर थोडी कमी करा, उतारावर वाढवा. हात पट्ट्यात खालून वर घाला म्हणजे भार मनगटावर येतो, मूठ आवळावी लागत नाही. उतरताना काठी आधी पुढे टेकवा, मगच पाऊल टाका.

आणि कळसूबाईच्या लोखंडी शिड्या आल्या की काठ्या दुमडून सॅकला बांधा. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत.