गमबूट

पाणी, चिखल, काटे आणि विषारी प्राणी यांपासून पाऊल व पोटरी यांचे संरक्षण करणारे, रबराचे अथवा प्लॅस्टिकचे उंच व जलाभेद्य पादत्राण. यास ‘वेलिंग्टन बूट’ असेही म्हणतात. ‘गम’ हा इंग्रजी शब्द येथे रबर या अर्थाने आला आहे. या बुटास नाडी वा बंद नसतो. पाय सरळ आत सरकवून तो घालतात. शेती, बागकाम, गोठ्यातील कामे, मासेमारी, खाणकाम, बांधकाम व गटारांची सफाई अशा कामांत त्याचा उपयोग होतो. प्रस्तुत नोंदीत मुख्यतः बागकाम व शेतीच्या दृष्टीने त्याची निवड आणि स्वच्छता यांचा विचार केला आहे.

गमबूट पाय व माती यांना एकमेकांपासून अलग ठेवतो. या अलगपणाला दोन बाजू आहेत. मातीतील जंतू, कृमी व काटे यांपासून पायाचे रक्षण होते, ही एक बाजू. दुसरी बाजू अशी की, तळव्याच्या खाचांत अडकलेली माती बुटाबरोबर एका वाफ्यातून दुसऱ्यात जाते व तिच्याबरोबर वनस्पतींचे रोगही जातात. म्हणून योग्य निवड हे माळ्याच्या पायाचे रक्षण होय, तर स्वच्छता हे बागेचेही रक्षण होय.

इतिहास : वेलिंग्टनचा पहिला ड्यूक आर्थर वेलस्ली याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी, तत्कालीन लष्करी बुटांत बदल करून पायाला घट्ट बसणारे मऊ कातडी बूट लंडनमधील होबी या बूट बनविणाऱ्या कारागिराकडून करवून घेतले. त्यांना त्याचेच नाव पडले. २३ सप्टेंबर १८०३ रोजी सध्याच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे व भोसले यांच्या फौजांशी लढलेला इंग्रज सेनानी तो हाच. मूळचे वेलिंग्टन बूट मात्र रबराचे नव्हते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट, तर थंडीत ठिसूळ होत असल्याने पादत्राणांस निरुपयोगी होते. चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाने गंधकासह उष्णता देऊन रबर टिकाऊ करण्याची व्हल्कनीकरणाची क्रिया १८३९ मध्ये शोधून काढली व १८४४ मध्ये तिचे एकस्व मिळविले. हिराम हचिन्सन या अमेरिकन उद्योजकाने पादत्राणांसाठी या क्रियेचे हक्क घेऊन १८५३ मध्ये फ्रान्समध्ये कारखाना काढला. लाकडी खडावा घालून ओल्या शेतात राबणाऱ्या तेथील शेतकऱ्यांना पाय कोरडे ठेवणारे हे बूट लवकरच पसंत पडले. एडिंबरो येथे १८५६ मध्ये नॉर्थ ब्रिटिश रबर कंपनी स्थापन झाली. पहिल्या महायुद्धात खंदकांतील पाण्यात दीर्घकाळ उभे राहिल्याने सैनिकांचे पाय सुजून कुजत असत. यावर उपाय म्हणून या कंपनीने ब्रिटिश सैन्यासाठी सुमारे १२ लाख जोड तयार केले. युद्धानंतर हे बूट शेतकरी, माळी व सामान्य नागरिक यांच्या वापरात रूढ झाले.

द्रव्ये व रचना : नैसर्गिक रबराचे बूट लवचिक असतात व पावलाच्या हालचालीबरोबर सहज वाकतात. ते तयार करताना धातूच्या पायसाच्यावर प्रथम कापडी अस्तर चढवून त्यावर रबराचे कापलेले तुकडे हाताने बसवितात व नंतर उष्णता आणि दाब देऊन व्हल्कनीकरण करतात [→ रबर]. पॉलिव्हिनिल क्लोराइड (पीव्हीसी) या प्लॅस्टिकचे बूट वितळलेले द्रव्य साच्यात दाबाने घालून तयार करतात. ते स्वस्त असतात, परंतु थंडीत ताठर होतात व कालांतराने कडक होऊन पावलाच्या वाकणीवर चिरतात. पॉलियुरेथेनाचे बूट वजनाला हलके असतात. खनिज तेल व ग्रीज यांनी नैसर्गिक रबर फुगते. जेथे तेलाशी संबंध येतो तेथे नायट्राइल रबराचे बूट अधिक टिकतात. भारतात रबरी व पीव्हीसी बुटांसाठी स्वतंत्र भारतीय मानके आहेत. खरेदीच्या वेळी मानकचिन्ह पाहून घ्यावे.

निवड : बुटाची निवड कामावरून करावी. कुंड्या, रोपवाटिका व हिरवळ यांच्या कामास घोट्यापर्यंतचे बूट पुरतात. पावसाळ्यात पाणी साचणाऱ्या बागेत, गवतात व पालापाचोळ्यात गुडघ्याखालपर्यंत पोहोचणारे बूटच घ्यावेत. कुदळ, पहार किंवा टिकाव यांचे काम असल्यास पुढील बाजूस पोलादी टोपी असलेले बूट आवश्यक ठरतात. सुरक्षा-पादत्राणांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार ही टोपी २०० जूल ऊर्जेचा आघात सहन करणारी असावी लागते. फावड्याच्या पात्यावर पाय दाबून खणण्याची पद्धत असेल, तर तळव्याच्या कमानीखाली पोलादी पट्टी असलेला बूट घ्यावा. बाभूळ, बोर, लिंबू यांच्या बागेत तळ काट्याला न भेदणारा असावा.

तळव्यावरील खाचा खोल व परस्परांपासून दूर असाव्यात. अशा खाचांतून काळी चिकण माती चालतानाच गळून पडते. दाट व बारीक खाचा मातीने भरून जातात, तळ सपाट होतो व पाय घसरतो.

नाडी नसल्याने पाय बुटात राहतो तो केवळ मापामुळे. दिवसभराच्या श्रमाने पाय थोडे सुजतात, म्हणून माप सायंकाळी व कामाच्या वेळी घालावयाचे मोजे घालूनच घ्यावे. अंगठ्यापुढे सुमारे १ सेंमी. जागा राहावी. चालताना टाच किंचित उचलली गेल्यास हरकत नाही. पण ती पूर्णपणे सुटत असेल तर फोड येतात आणि चिखलात बूट मागे राहून पाय तेवढा वर येतो. पोटरीशी बूट इतका सैल नसावा की पाणी वा खडे आत पडतील, व इतका घट्टही नसावा की रक्ताभिसरणास अडथळा होईल. बूट पुष्कळदा पूर्ण मापातच मिळतात. अशा वेळी मोठे माप घेऊन आत सुटा तळ घालावा.

चिखलणी केलेल्या भातखाचरात नेहमीचा गमबूट गैरसोयीचा ठरतो. चिखल त्याला धरून ठेवतो व प्रत्येक पाऊल उपसून काढावे लागते. म्हणूनच आपल्याकडे लावणी बहुधा अनवाणी पायांनी होते. जपानमध्ये या कामासाठी पातळ तळाचे, पायाला घट्ट बसणारे व घोट्याशी आवळता येणारे उंच रबरी बूट वापरतात.

आरोग्याशी संबंध : भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे १२ लाख मृत्यू झाले असावेत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिला आहे. त्यांत ग्रामीण भागातील व पावसाळ्यातील मृत्यूंचे प्रमाण मोठे आहे. नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांचे दंश बहुतांशी पावलावर व पोटरीवर होतात. म्हणून उंच बुटाचे महत्त्व मोठे आहे. तथापि बुटाने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. दंश झाल्याची शंका आल्यास विलंब न करता रुग्णालय गाठणे हाच उपाय होय.

लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जंतू उंदीर व गुरे यांच्या मूत्रातून पाण्यात व ओल्या मातीत येतात आणि जखमेतून किंवा पाण्याने मऊ पडलेल्या त्वचेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीनंतर मुंबईत या रोगाची साथ उद्‌भवली होती. अंकुशकृमीच्या अळ्याही अनवाणी पायाच्या त्वचेतून शिरतात. मात्र चिरलेल्या वा वरून पाणी शिरलेल्या बुटात पाय तासन्‌तास भिजत राहतो व बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. असा बूट अनवाणी पायाइतकाच धोक्याचा असतो. पाणी आत गेल्यास बूट तत्काळ काढून मोजे बदलावेत. धनुर्वाताची लस घेण्यास गमबूट हा पर्याय नव्हे.

कीटकनाशक फवारताना अस्तर नसलेले बूट वापरावेत. कारण अस्तरात मुरलेले विष धुऊन निघत नाही. विजार बुटात न खोचता बुटावरून सोडावी, म्हणजे ओघळणारे द्रावण आत जात नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. अंगावरील संरक्षक साधनांच्या अभावाकडे त्या घटनेने लक्ष वेधले. फवारणीनंतर हातमोजे न काढता प्रथम बूट धुवावेत व मगच ते उतरवावेत.

स्वच्छता : चिखल ओला असतानाच, वाफ्याच्या कडेला, काडीने किंवा बोथट पट्टीने खाचांतील माती काढून ती त्याच जागी टाकावी. नंतर थंड पाणी, सौम्य साबण व ताठ केसांचा ब्रश यांनी बूट धुवावा. तारेचा ब्रश, रॉकेल, पेट्रोल व इतर विद्रावक वापरू नयेत. त्यांनी पृष्ठभाग खराब होतो. आतील सुटा तळ काढून वेगळा धुवावा व अस्तर ओल्या फडक्याने पुसावे. त्यानंतर आत वर्तमानपत्राचे बोळे भरून ते ओले होताच बदलावेत, किंवा बूट खुंट्यांवर उलटा टांगून सावलीत वाऱ्यावर वाळवावा. ऊन, चूल व हीटर यांच्या उष्णतेने रबर कडक होऊन चिरते. नैसर्गिक रबरावर काही दिवसांनी पांढुरकी पूड दिसते. ती बुरशी नसून रबरात घातलेली मेणे व तत्सम द्रव्ये पृष्ठभागावर आल्याने दिसते व पुसून काढता येते.

रोगट जागेतून बाहेर पडताना धुण्याबरोबर निर्जंतुकीकरणही करावे. कोबीच्या मुळांवर गाठी आणणारा रोगकारक आणि केळीच्या पनामा मर रोगाची फ्युजेरियम कवके मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. फ्युजेरियमाच्या ‘उष्ण कटिबंधीय वंश ४’ या उग्र प्रकाराचा शिरकाव ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडमध्ये २०१५ साली आढळल्यावर तेथील केळीबागांच्या दारांशी बूट धुण्याची व्यवस्था करण्यात आली. हा प्रकार भारतात बिहारमध्येही आढळलेला असल्यामुळे जळगावसारख्या केळी-उत्पादक जिल्ह्यांनाही ही दक्षता अगत्याची आहे. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांना मारणाऱ्या फायटोफ्थोराला रोखण्यासाठी जंगलवाटांवर बूट घासण्याची ठाणी उभारलेली आहेत.

निर्जंतुक द्रावणात मातीसकट बूट बुडविणे व्यर्थ असते. मातीतील सेंद्रिय पदार्थ सोडियम हायपोक्लोराइटाची शक्ती खर्च करून टाकतात आणि ढेकळाच्या आत ते पोहोचतही नाही. म्हणून प्रथम सर्व माती काढावी. मग घरगुती हायपोक्लोराइट द्रावणाचा एक भाग व पाण्याचे नऊ भाग यांच्या ताज्या मिश्रणात तळ सुमारे १० मिनिटे ठेवून स्वच्छ पाण्याने धुवावा. फ्युजेरियमाच्या जाड भित्तीच्या बीजाणूंवर चतुर्थक अमोनियम संयुगे अधिक परिणामकारक ठरतात. हायपोक्लोराइटात व्हिनेगर वा इतर अम्ले आणि अमोनियायुक्त द्रव्ये कधीही मिसळू नयेत. विषारी वायू निर्माण होतो. रोगट बागेसाठी बुटांचा स्वतंत्र जोड ठेवून तो त्या बागेबाहेर न नेणे, हा सर्वांत खात्रीचा मार्ग होय.

निगा व दुरुस्ती : बुटाला गळती आहे काय हे पाहण्यासाठी त्यात पाणी भरून बाहेरून थेंब येतात का ते पाहावे. नैसर्गिक रबराचे लहान छिद्र सायकलच्या ट्यूबसाठी वापरतात त्या ठिगळाने व रबर-द्रावणाने बुजविता येते. त्यापूर्वी पृष्ठभाग कोरडा करून काचकागदाने खरवडावा. पीव्हीसीवर हे ठिगळ टिकत नाही. त्यासाठी पीव्हीसीचे खास आसंजक लागते. वाकणीवर पडलेली आरपार चीर मात्र दुरुस्तीने टिकत नाही व असा बूट टाकून द्यावा. बूट घडी करून वा जड वस्तूखाली ठेवू नयेत. कोपऱ्यात उभा ठेवलेला रिकामा बूट विंचू, बेडूक व क्वचित साप यांच्या आसऱ्याची जागा बनतो. यासाठी तो उलटा टांगावा आणि घालण्यापूर्वी दर वेळी उपडा करून आपटावा.