शंखशिंपल्यांनीं भरलेल्या फरश्या : त्यांचा संग्रह व छायाचित्रण

(१) एका जुन्या घराण्याचें दफ्तर तपासण्यासाठीं आम्ही नागपूर प्रांतांत गेलों असतां, रुमालांवर दडपण म्हणून ठेवलेला एक चपटा दगड आमच्या हातीं आला. लांबी वीतभर, रुंदी चार बोटें, रंग करडा. आणि एका अंगास लहान लहान शंखाकृति इतक्या दाटीनें बसलेल्या कीं, दोहोंमध्यें तांदुळाचा दाणा ठेवण्यासही जागा मिळूं नये. यजमानांनीं कागदांबरोबर तो दगडही आमच्या स्वाधीन केला. तो कोठून आला असें विचारतां "आजोबांच्या वेळेपासून आहे" एवढेंच उत्तर मिळालें. कागदांचा निकाल यथावकाश लागला. कारण त्यांवर मिति होती, गांव होतें, शिक्का होता. दगडावर यांपैकीं कांहींच नव्हतें. या दगडाच्या चौकशींत आम्हांस जें समजलें, आणि जी एक चूक आमच्या हातून घडली, तीं दोन्ही संग्राहक वाचकांपुढें ठेवणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

(२) प्रथम अशा फरश्या होतात कशा हें पाहूं. दख्खनचें पठार ज्या काळ्या पाषाणाचें आहे, तो पाषाण म्हणजे भूमींतील भेगांतून वर येऊन पसरलेल्या व निवून घट्ट झालेल्या लाव्हारसाचे एकावर एक बसलेले थर होत. हे थर एकाच वेळीं पडलेले नाहींत. एक थर निवाल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्यंतरीं कांहीं ठिकाणीं पुष्कळ काळ जाई. त्या अवधींत खोलगट जागीं पावसाचें पाणी सांचून तळीं होत. त्यांत गोगलगाई व शिंपले वाढत, पाणवनस्पति माजत, कांठीं ताडमाडांच्या जातीचीं झाडें येत. पुढें नवा रस येऊन हें सर्व झांकून टाकी. तळ्यांतील गाळांत सिकतायुक्त पाणी मुरलें म्हणजे तो गाळ गारगोटीसारखा कठीण होई. त्यासच चर्ट म्हणतात. कोठें तो चुनखडकाच्या किंवा शेलच्या रूपानेंही राहिला आहे. दोन काळ्या थरांमधील या गाळास भूशास्त्रज्ञ अंतर्ट्रॅप थर म्हणतात. त्यांचा काल सुमारें ६ कोटि ६० लक्ष वर्षांपूर्वींचा, म्हणजे डायनोसोर जातीच्या अस्ताच्या आसपासचा ठरतो. तात्पर्य, आमच्या रुमालांवरील दडपण म्हणजे एका बुजलेल्या तळ्याच्या तळाचा तुकडा होता.

(३) या थरांचा शोध कसकसा लागत गेला हा इतिहासही मनोरंजक आहे. एप्रिल १८२३ मध्यें डॉ. व्हॉयसी यांना गाविलगडच्या डोंगरांत अश्मीभूत शिंपले सांपडले. ज्या गाविलगडाचें नांव आपण १८०३ च्या इंग्रज-मराठे युद्धाच्या कागदांत वाचतों, तोच हा डोंगर होय. त्यानंतर मद्रासकडील शल्यवैद्य माल्कमसन यांनीं निर्मळच्या बाजूच्या शिचेल डोंगरांतील जीवाश्म गोळा करून त्यांवर निबंध लिहिला. तो लंडनच्या भूशास्त्रसंस्थेच्या ग्रंथमालेंत १८४० सालीं छापून निघाला. त्यांतील शंखांचें वर्णन सावर्बी यांनीं केलें. सर्वांत ठळक शंखास जें नांव मिळालें तें आमच्या वाचकांस ओळखीचें वाटेल : फायसा प्रिन्सेपी. अशोकाच्या शिलालेखांची ब्राह्मी लिपि ज्यांनीं उलगडली तेच हे जेम्स प्रिन्सेप. हल्लीं या शंखास प्लॅटिफायसा प्रिन्सेपी म्हणतात. परंतु प्रिन्सेप यांचें नांव त्यास चिकटून राहिलें आहे.

नागपुरास हें काम स्टीफन हिस्लॉप व रॉबर्ट हंटर या दोघां मिशनऱ्यांनीं नेटानें चालविलें. सीताबर्डीची टेकडी व टाकळी हीं त्यांचीं मुख्य स्थळें. त्यांचा संयुक्त निबंध १८५५ सालीं निघाला. १८६० मध्यें हिस्लॉप यांनीं या थरांतील शंखांचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. टाकळीच्या दगडांत तर भुंगेऱ्यांच्या पंखांचीं कठीण आवरणेंसुद्धां मिळालीं. हिस्लॉप हे गोंड लोकांच्या परंपरांचे व प्राचीन शिलावर्तुळांचेही अभ्यासक होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजीं टाकळघाट येथील शिलावर्तुळें पाहून परत येत असतां वाटेंतील नाल्याच्या पुरांत त्यांचा अंत झाला. त्यांचे राहिलेले कागद रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं संपादून छापले, म्हणूनच ते आज वाचावयास मिळतात.

(४) नाणेसंग्राहकांस बिरबल साहनी हें नांव ठाऊक आहेच. रोहतकजवळील खोकराकोट येथील मातीच्या सांच्यांवरून प्राचीन हिंदुस्थानांत नाणीं कशीं ओतीत, हें दाखविणारा त्यांचा ग्रंथ १९४५ सालीं निघाला. परंतु साहनींचा मूळ विषय वनस्पतींचे जीवाश्म हा होता, व दख्खनच्या याच चर्टवर त्यांनीं अनेक वर्षें परिश्रम केले. छिंदवाडा जिल्ह्यांतील सौसर व मोहगांव कलान येथील दगडांतून त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पाण्यावर तरंगणारी अझोला, पाणशेवाळाचीं बीजें, फळें व फुलें यांचा अभ्यास करून ती प्राचीन वनस्पतिसृष्टि उजेडांत आणिली. लखनौ येथील त्यांच्या संस्थेची कोनशिला ३ एप्रिल १९४९ रोजीं बसविली गेली; त्या शिलेंतच जीवाश्म जडविलेले आहेत. पुढें एका आठवड्यानें, १० एप्रिल रोजीं, साहनी वारले. नाण्याचा सांचा आणि दगडांतील बीज हीं दोन्ही त्यांनीं एकाच पद्धतीनें वाचलीं : वस्तु बारकाईनें पाहावी, व ती कोठें मिळाली हें कधीं विसरूं नये.

(५) आतां संग्रहाविषयीं. शंखांनीं भरलेली फरशी हें एक पत्र नव्हे, तें दफ्तर आहे. एक सुंदर शंख छिनीनें कोरून काढणें म्हणजे रुमालांतून एक पत्र ओढून बाकीचें जाळण्यासारखें आहे. कोणते जीव एकत्र राहत, लहान किती व मोठे किती, शंखांचीं टोंकें एका दिशेस वळलीं आहेत कीं अस्ताव्यस्त आहेत, यावरून तळें स्थिर होतें कीं वाहतें, हें समजतें. मोठ्या शंखांच्या मधल्या जागेंत सायप्रिस नांवाच्या जीवांचीं इवलीं द्विपुट कवचें, आणि चारा या पाणवनस्पतीचीं मोहरीहून बारीक व पिळदार बीजें असतात. हीं भिंगाशिवाय दिसत नाहींत, आणि छिनीखालीं प्रथम हींच नष्ट होतात.

म्हणून पुढील नियम पाळावे असें आम्हांस वाटतें. दगड उचलण्यापूर्वीं तो जागेवर असतांनाच त्याचें छायाचित्र घ्यावें. तो मूळ थरांत होता कीं नाल्यांत घरंगळलेला होता, हें लिहावें. घरंगळलेल्या दगडाची योग्यता सहीशिक्क्याविना मिळालेल्या नकलेइतकीच. थरांत असल्यास वरची बाजू कोणती ही खूण पाठीवर बाणानें करावी. गांव, नाला किंवा विहीर, अक्षांश-रेखांश, थराची जाडी, वरखालचा पाषाण, तारीख व शोधणाऱ्याचें नांव वहींत टिपून तोच अनुक्रमांक दगडाच्या पाठीवर पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर शाईनें घालावा. नुसती कागदाची चिठ्ठी वाळवी खाते. दगड फुटून दोन फांकी झाल्यास दोन्ही राखाव्या. जमीनमालकाची, व वनक्षेत्र असल्यास वनखात्याची, परवानगी आधीं घ्यावी. मध्य प्रदेशांतील घुघवा येथें १९८३ पासून राष्ट्रीय जीवाश्म उद्यान आहे, तेथील खडा उचलण्याचाही विचार करूं नये. जेथें छायाचित्रानें काम भागतें तेथें दगड न आणणें हेंच उत्तम.

(६) छायाचित्रणांत ताम्रपट वाचणाऱ्यांस कांहीं नवें शिकावें लागणार नाहीं. झिजलेलीं अक्षरें समोरच्या उजेडांत दिसत नाहींत, पण दिवा बाजूस नेऊन अगदीं खालीं धरला कीं उठून दिसतात. फरशीचेंही तसेंच आहे. खोली अंधारी करून एक दिवा फरशीच्या वरच्या डाव्या कोपऱ्याकडून, पृष्ठभागाशीं सुमारें १५ ते ३० अंशांचा कोन होईल असा ठेवावा. समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केल्यास छाया फार काळ्या पडत नाहींत. उजेड नेहमीं डावीकडूनच घेण्याचा संप्रदाय आहे, व तो सोयीचा आहे. तो मोडला तर फुगीर वस्तु खोलगट भासते. कॅमेरा फरशीशीं अगदीं समांतर असावा व सेंटिमीटरची पट्टी शंखांच्याच पातळींत ठेवावी.

आधीं संपूर्ण फरशीचें, मग कडांचें व पाठीचें चित्र घ्यावें. नंतर फरशीचे चौकोन कल्पून, शेजारच्या चौकोनांची थोडी कड येईल अशीं क्रमवार चित्रें घ्यावीं. शेवटीं एकेका शंखाचें. फुगीर शंखाचा माथा स्पष्ट दिसला तर कड पुसट येते. आतां संगणकाच्या साहाय्यानें वेगवेगळ्या खोलीवर घेतलेलीं अनेक चित्रें जोडून एक स्पष्ट चित्र करतां येतें, पण मूळ चित्रेंही राखून ठेवावीं. घासून गुळगुळीत केलेला चर्ट चकाकतो. तो स्वच्छ पाण्याच्या तबकांत बुडवून चित्र घेतल्यास चकाकी जाऊन रंगभेद दिसतो. शेलला मात्र पाणी लावूं नये, तो उकलतो. आकार दाखविण्यासाठीं प्रयोगशाळेंत नवसागराच्या वाफेचा पातळ पांढरा लेप देतात व काम होतांच धुवून टाकतात; तें काम हवेशीर जागीं व जाणत्या हातानेंच व्हावें.

एक सावधगिरी विशेष महत्त्वाची. फायसा शंख शिखर वर व मुख आपल्याकडे करून धरला असतां त्याचें मुख डाव्या हातास येतें. बहुतेक शंखांचें तें उजव्या हातास असतें. शास्त्रज्ञ यास वामावर्त म्हणतात. पूजेंतील दुर्मिळ दक्षिणावर्त शंखाचेंही मुख असें धरल्यास डावीकडेच येतें. तेव्हां हीं दोन नांवें एका मापाचीं नव्हत, हें ध्यानांत असूं द्यावें. आतां चित्र छापतांना उलटें झालें तर फायसा क्षणांत दुसऱ्याच जातीचा शंख बनतो. शिवाय दगडांत कधीं शंख नसतो, त्याचा खोलगट ठसाच असतो, व मुद्रा आणि तिचा ठसा यांप्रमाणें तेथेंही डावें-उजवें पालटतें. म्हणून प्रत्येक चित्रांत पट्टीवरील आंकडे दिसलेच पाहिजेत. ते सुलटे असले तर चित्र सुलटें, हा उत्तम पुरावा होय.

(७) आतां आमच्या चुकीविषयीं. दगडावर पिढ्यांची काजळी व तेलकट मळ होता. गारगोटीसारखा दगड आहे, त्यास काय होणार, अशा समजुतीनें आम्हीं एका कोपऱ्यास सौम्य आम्ल लाविलें. दगड खरोखरच चर्टचा होता. परंतु त्या कोपऱ्यांतील कवचें चुन्याचींच राहिलीं होतीं. फेंस आला, आणि तो निवाला तेव्हां अंगठ्याएवढ्या जागेंतील कवचें जाऊन नुसत्या खळग्या उरल्या होत्या. आधींचें छायाचित्र आम्हीं घेतलें नव्हतें. त्या जागेंत काय होतें हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. साधें पाणी व मऊ कुंचला यांनीं उरलेला मळ पुढें चार दिवसांत निघाला. जीर्ण कागदास जसा आपण उतावळेपणानें हात लावीत नाहीं, तसा दगडासही लावूं नये, एवढा धडा आम्हीं घेतला.

दुसरा मोह स्थलाचा. एका स्नेह्यांनीं सुचविलें कीं, दगड नागपूर प्रांतांत मिळाला, शंख फायसाचे आहेत, तेव्हां "टाकळी" असें लिहून मोकळे व्हावें. टाकळी आज नागपूर शहरांत सामावली आहे. तेथील म्हणून दाखविलेल्या दगडास मोल येईल हें खरें. पण हाच शंख निर्मळच्या डोंगरांत मिळतो व छिंदवाड्याकडेही मिळतो. शिवराई पैसा सांपडला म्हणजे तो कोणत्या गांवच्या बाजारांतून आला हें जसें त्यावरून ठरत नाहीं, तसेंच हें. खोटी मिति घातलेलें पत्र मितिहीन पत्राहून अधिक घातक असतें. मितिहीन पत्र निदान कोणास फसवीत नाहीं. आमच्या वहींत या दगडापुढें "स्थल अज्ञात, एका खाजगी दफ्तरांतून प्राप्त, एक कोपरा आमच्या हातून खराब" अशी नोंद आहे.

(८) विहिरी, खाणी, रस्ते व घरांचे पाये यांसाठीं हे थर रोज फोडले जात आहेत. जें आज टिपलें नाहीं तें उद्यां खडी होऊन रस्त्यांत जाईल. विदर्भांतील जुन्या वाड्यांत दफ्तरें पाहण्यास जाणाऱ्या आमच्या वाचकांनीं पायऱ्या, जोतीं, विहिरींचे कांठ व कागदांवरील दडपणें यांकडेही एकवार नजर टाकावी. आणि असा दगड दिसल्यास तो मागण्यापूर्वीं तेथील वृद्धांस तो कोणत्या खाणीचा किंवा नाल्याचा म्हणून विचारून उत्तर लिहून घ्यावें. छायाचित्र दुसऱ्यांदा घेतां येतें; त्या वृद्धाचें उत्तर दुसऱ्यांदा मिळेलच असें नाहीं.